लहान लेकरांच्या घरात सोपे, नवीन पदार्थ करायचे तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लातूरहून विचारलंय की घरात चार आणि सात वर्षांची दोन लेकरं आहेत, सासू-सासरे आहेत, मोठ्यांना झणझणीत लागतं, लेकरांना तिखट सोसत नाही, आणि मोबाइलवर बघून केलेला नवा पदार्थ ताटात तसाच राहतो; तर सोपं आणि नवीन असं करावं काय? मी परभणीची. आमच्याही घरात तीन पिढ्या एकत्र जेवायला बसतात, त्यामुळे तुमची अडचण चांगलीच ओळखीची आहे. जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नव्या पदार्थात नवीन गोष्ट एकच ठेवा. चव ओळखीची असेल तर आकार बदला. आकार नेहमीचा असेल तर आत एखादी भाजी किसून घाला. चव, रंग, वास, आकार सगळंच एकदम वेगळं आलं की लेकरू तोंड फिरवणारच. आपण त्याला हट्ट म्हणतो, पण साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची धास्ती बहुतेक सगळ्याच लेकरांना असते. एखादी नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. एकदा नको म्हटलं म्हणजे कायमचं नको, असं धरू नका.

म्हणून चीज, ओट्स असलं सामान आणण्याआधी घरातले डबे उघडून बघा. ज्वारीचं पीठ, बेसन, तुरीची आणि मुगाची दाळ, शेंगदाण्याचं कूट, तीळ, गूळ, ताक. महिनाभर पुरेल एवढं नवीन यातूनच निघतं.

माझं ऐकाल तर पहिल्यांदा चकोल्या करा. तुमच्याकडे वरणफळं म्हणत असतील. मोठ्यांना हा पदार्थ जुना आहे, पण लेकरांसाठी तो दर वेळी नवा करता येतो. तुरीची दाळ मऊ शिजवून घोटून घ्या आणि नेहमीच्या वरणापेक्षा बरीच पातळ करा, कारण चकोल्या पाणी ओढून घेतात. हळद, हिंग, जिरं, थोडी चिंच, गुळाचा खडा आणि मूठभर कोथिंबीर. कणकेत चमचाभर बेसन, ओवा, मीठ, हळद घालून पोळीपेक्षा घट्ट मळा. पोळी लाटली की ती सातवर्षांच्या हातात द्या. वाटीनं गोल, करंजीच्या कातण्यानं शंकरपाळ्या, नाहीतर लांब पट्ट्या. त्याला हवे तसे तुकडे कापू द्या. वरणाला खळखळून उकळी आल्यावर तुकडे एकेक करून सोडा, सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. चमचाभर तेल घातलं की चिकटत नाहीत. दहा-बारा मिनिटांत शिजतात. तुकडा बोटानं दाबून बघा, मध्ये कच्चं पीठ लागलं नाही म्हणजे झालं. किसलेलं गाजर किंवा दुधी कणकेतच घालता येतो, पण पहिल्या वेळी घालू नका. त्या दिवशी आकार नवीन आहे, तेवढं पुरे.

तुमचा तिखटाचा प्रश्नही याच भांड्यात सुटतो. लेकरांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा स्वयंपाक करायची काही गरज नाही, त्यानं बाई थकून जाते आणि चार दिवसांत सगळं सोडून देते. तिखट न घालता चकोल्या शिजवा, लेकरांच्या वाट्या काढून त्यांवर तूप सोडा. मग छोट्या कढईत तेल, मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, काळा मसाला आणि लाल तिखटाची फोडणी करून उरलेल्या भांड्यावर ओता. सासरेबुवांना हवी तशी तर्री येते आणि लेकरांच्या तोंडाची आग होत नाही. खिचडी, पिठलं, आमटी, सगळीकडे हेच चालतं: तिखट शेवटी आणि वरून. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी लेकरांच्या वाटीतही त्या फोडणीचे दोन थेंब टाकत जा. त्यांनाही आपल्या घरची चव यायलाच हवी की.

दुसरा पदार्थ धपाटे. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी, तीळ, ओवा, जिरं-लसणाचं वाटण, हळद, कोथिंबीर. लेकरांपुरतं मिरची वगळा. यात मेथी, पालक, किसलेला दुधी किंवा गाजर, काहीही बसतं. इथे चव ओळखीची असते, म्हणून भाजी नवी चालते. पोळपाटावर ओलं सुती फडकं पसरायचं, पिठाचा गोळा ठेवायचा, बोटं पाण्यात बुडवून कडेकडेनं थापत जायचं. मग चारवर्षांच्याला जवळ बोलवा. त्याचं काम दोन गोष्टींचं: वरून चिमूटभर तीळ टाकून हातानं दाबायचे आणि एका बोटानं धपाट्याला भोकं पाडायची. आमच्याकडे धाकटीनं पाडलेली भोकं कधी एकाच कोपऱ्यात असायची, कधी एवढी मोठी की धपाटं उचलताना फाटायचं. तरी ते ‘माझं धपाटं’ म्हणून ती वेगळं ठेवायला लावायची आणि त्यातली मेथी न निवडता खायची. फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं, फडकं हलकेच सोडवायचं, भोकांत थेंब थेंब तेल सोडायचं. तव्याचं काम अर्थातच मोठ्यांचं, लेकरू तोवर हाताच्या अंतराबाहेर बसलेलं बरं. सोबत घट्ट दही नाहीतर लोणी.

ज्वारीची धिरडी याहून झटपट होतात, पण ती तुटतात म्हणून पुष्कळ जणी नाद सोडतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून वाटीभर पिठाला पाव वाटी बेसन घाला, ताकात कालवा आणि मिश्रण सरबरीत ठेवा. वीस मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात पीठ पाणी पिऊन घेतं. तवा चांगला तापला की लहान लहान पुरीएवढीच घाला, झाकण ठेवा, आणि कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका. घाई केली की हमखास मोडतात. पालक जिऱ्यासोबत कच्चाच वाटून घातला तर हिरवीगार होतात. हिरव्या रंगाचं वावडं असलेल्या लेकराला आधी गाजराची केशरी करून द्या.

जोंधळ्याच्या कण्या अजून करत असाल तर उत्तमच. नसाल तर गिरणीतून ज्वारीचा जाडसर रवा काढून आणा. वाटीभर रवा, अर्धी वाटी मुगाची दाळ, दोन्ही अर्धा तास भिजवायचं, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, कुकरच्या पाच शिट्ट्या. वर साजूक तूप. आजारातून उठलेल्या लेकरालाही चालतं. ज्वारी आपल्या घरात असतेच म्हणून तिचं मोल वाटत नाही, पण आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत २०१८मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण आणलं, ते नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त मिळावं याच हेतूनं. साध्या ज्वारीतही लोह असतंच. ते अंगी लागावं म्हणून ताटात लिंबाची फोड, टोमॅटोची कोशिंबीर, हिवाळ्यात आवळा असू द्या, आणि एक कळकळीची विनंती: लेकरांना भाकर-पोळी चहात बुडवून देऊ नका. चहामुळे धान्यातलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे सकाळी चहा-पोळी देऊन लेकराला शाळेत धाडायची पद्धत घरोघरी आहे, आणि ती मोडायची वेळ झाली आहे असं मला मनापासून वाटतं. त्याच पोळीवर शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि तूप लावून गुंडाळी करून द्या. करायला चहापेक्षा कमी वेळ लागतो.

गोडाचं म्हणाल तर गरम भाकरीचा मलिदा करा. भाकर तव्यावरून उतरली की लगेच कुस्करायची, किसलेला गूळ आणि तूप घालून हातानं एकजीव करायचं, लाडू वळायचे. गार भाकरीचा असा वळत नाही. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ दूध-गुळात कालवून देणं तर आणखी सोपं.

आता खरा मुद्दा, जो पाककृतीच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. तुम्ही लातूरच्या, म्हणजे येळवस तुम्हाला सांगायला नको. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीजवळ, म्हणजे खोपटाजवळ बसून लेकरं काय काय खातात, आठवून बघा. भज्जीत तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, मेथी, पालेभाज्या, सगळं एकत्र बेसनात शिजलेलं असतं. घरी मेथीची काडी बाजूला काढणारं लेकरू तिथे भाकरीसोबत भज्जी मागून घेतं, वर आंबील पितं. पदार्थ काही मुलांचा म्हणून केलेला नसतो. ती सकाळपासून हुंदडलेली असतात, सपाटून भूक लागलेली असते, मधे बिस्किटाचा पुडा कोणी दिलेला नसतो, आणि सगळे, अगदी पाहुणेसुद्धा, तेच खात असतात. कोणी ‘खा ना रे’ म्हणून मागे लागत नाही.

हे घरी जमेल तेवढं आणता येतं. नवीन पदार्थ रात्री करूच नका, तेव्हा लेकरं पेंगुळलेली आणि आपणही दमलेल्या असतो. शाळेतून आल्यावर, पाच-साडेपाचच्या भुकेला करा. त्याआधी कुरकुरे-बिस्किटं नकोत. गच्चीवर, अंगणात चटई टाकून द्या. ताटात ओळखीचं काहीतरी, वरण-भात किंवा दही-पोळी, असायलाच हवं. त्याच्या शेजारी नवीन पदार्थ दोन घासांपुरता. खाल्ला तर आणखी वाढा. नाही खाल्ला तर ताट उचला, चेहरा पाडू नका, आणि त्याच्याऐवजी लगेच दुसरं काही करून देऊ नका. ‘एवढं खाल्लंस तर चॉकलेट देते’ हे तर बिलकुल नको. त्यानं चॉकलेट बक्षीस होतं आणि भाजी शिक्षा. तीन-चार दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा, तितकाच थोडा.

आणि घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून ठेवा. आजोबांनी ताटाकडे बघून ‘हे काय नवीनच?’ म्हटलं की नातू हात आखडता घेतो. उलट आजीनं लेकराच्या देखत पहिला घास खाल्ला तर अर्धं काम तिथेच होतं. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी दुष्काळात, सुगीत, आखाडात काय करायचे. माडगं, शेंगोळे, कळण्याची भाकर, उकडपेंडी, असं बरंच त्यांच्या हातात असेल. तो पदार्थ त्यांच्याच हातून करवून घ्या. तुमच्या लेकरांना तो नवीनच असणार, आणि त्यावर घरात कोणी नाक मुरडणार नाही.

डब्यात मात्र नवीन पदार्थ पहिल्यांदा कधीच देऊ नका. शाळेत वेळ थोडा असतो, शेजारचं पोर काही बोललं की डबा बंद होतो आणि लेकरू उपाशी राहतं. घरी निदान दोनदा आवडीनं खाल्लेलंच डब्यात जाऊ द्या. चारवर्षांच्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देताना सांभाळा, घशात अडकू शकतात. कूट करून, ठेचून, द्राक्षं उभी चिरून द्या, आणि खाताना त्याला पळू देऊ नका.

एवढं करूनही एखादं लेकरू महिनोन् महिने दोन-तीनच पदार्थांवर अडून बसलं असेल, वजन वाढत नसेल, माती-खडू खात असेल, किंवा सारखं मलूल दिसत असेल, तर पाककृती बदलत बसू नका. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि जंताच्या औषधाबद्दल विचारा. ती गोळी अंगणवाडीत आणि शाळेतही जंतनाशक दिनाला मोफत देतात, तेव्हा मागच्या वेळी तुमच्या दोघांनी घेतली होती का, ते एकदा शाळेत विचारून बघा.