गडग्यापलीकडचा टायगर

"ताई, आम्ही गुहागर तालुक्यात समुद्राकडच्या एका वाडीत राहतो. शेजारी माझे चुलत सासरे, तात्या. मधे फक्त गडगा, तोही दोन ठिकाणी ढासळलेला. त्यांच्या मुलाने मुंबईत फ्लॅटमध्ये पाळलेला मोठा अल्सेशियनसारखा कुत्रा गणपतीला गाडीतून आणला आणि जाताना इथेच ठेवला. नाव टायगर. दिवसभर मोकळा, रात्री पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत. माझ्या दोन कोंबड्या मारल्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांमागे धावतो. माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून पाखाडी चढत येताना त्याने मागून पोटरीला दात लावला. थोडं रक्त आलं, सासूबाईंनी चुना-हळद भरली. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, 'तो काय करत नाय गो, खेळतो. बांधला तर वांदर माड साफ करतील.' आमचे हे म्हणतात, भावकीत वाकडं नको. वाडीतला एक जण म्हणतो, भाकरीतून काहीतरी घालू. मला झोप नाही. मारलेल्या कोंबड्यांचे पैसे मागू का, तेही सांगा. – गडग्याअलीकडची"

गो बाय,

तुझं पत्र वाचल्यावर उत्तर लिहायला न बसता मी आधी तुला फोन केला. ते बाकीच्यांना माहीत नाही, म्हणून इथे पुन्हा सांगते. चाव्याला चार दिवस झाले होते आणि पोरीला एकही इंजेक्शन मिळालं नव्हतं. का, तर घरचाच कुत्रा आहे. घरचा म्हणजे कोणाच्या घरचा? रात्रभर तो पुळणीवर असतो, तिथे कोणाकोणाशी भांडतो ते कोणी पाहिलेलं नाही. त्याला शेवटची लस कधी टोचली हे तात्यांना ठाऊक नाही आणि मुलाला फोन करून विचारायचं कोणाला सुचलेलं नाही.

रेबीज लाळेतून जातो. दात लागून कातडी फाटली की धोका धरायचाच, मग कुत्रा खेळत असो की रागात असो. लक्षणं दिसायला लागल्यावर डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही, त्याआधी मात्र सगळं हातात असतं. पहिलं काम न्हाणीघरातलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवायची, घड्याळ बघून. पोर रडते, आपले हात गारठतात, तरी धुवायची. चुना, हळद, मिरची, तेल यांतलं काही नाही. सासूबाईंवर चिडू नकोस, त्यांनी त्यांच्या आईला जे करताना पाहिलं तेच केलं.

मग थेट आरोग्य केंद्र. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दंडाच्या कातडीत देतात ती 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत दिली तर 14 व्या दिवशी आणखी एक. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारं तयार औषध, टोचावं लागतं, आणि ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतंच असं नाही. तुला त्यासाठी पुढे जावं लागलं, एसटीत पोर झोपून गेली, हे तू फोनवर सांगितलंस. गेलीस ते फार बरं केलंस. 28 व्या दिवसाचा डोस लग्नकार्य असलं तरी चुकवायचा नाही. आणि टायगरवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं होतं ते अशासाठी, की चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू असता तर एवढ्या दिवसांत तो आजारी पडून मेला असता. दहा दिवस उलटले आणि तो धडधाकट आहे, म्हणून आता मी जरा शांतपणे लिहू शकते. पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नसते, हे वाचणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावं.

आता माझी बाजू सांगते, कारण मी गडग्याच्या पलीकडचीही आहे. माझ्या माहेरी वाघ्या नावाचा कुत्रा होता आणि आमचा अण्णा तात्यांचंच वाक्य म्हणायचा, तो काय करत नाय. मासेवाली यायची तेव्हा वाघ्या तिच्या टोपलीभोवती फिरायचा, आम्ही पोरं हसायचो. एक दिवस ती टोपली उतरवायला वाकली आणि त्याने तिचा हात धरला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची, तिने ती सगळी घेतली. अण्णाने पैसे दिले, माफी मागितली, वाघ्याला साखळी आली. ती पुन्हा येऊ लागली, पण कधीही बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आत आली नाही. बाहेरूनच हाक मारायची, आई ताट घेऊन बाहेर जायची. तिने एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. आई मात्र प्रत्येक वेळी ताट हातात घेताना अण्णाकडे बघायची.

तेव्हा तात्या वाईट नाहीत. कुत्र्याचा मालक आपल्या कुत्र्याला फक्त अंगणातून बघतो, पाखाडीवरून बघत नाही.

पण मला विचारशील तर इथे खरा मालक तात्या नाहीतच. मालक मुंबईत आहे. फ्लॅटमध्ये कुत्रा मोठा झाला, सोसायटीत कटकट झाली असेल, सुनेला झाडलोट नकोशी झाली असेल, आणि गणपतीला येताना डिकीत मोदकांच्या साच्याबरोबर टायगरही आला. आपल्याकडे चाकरमान्यांनी गावात काय काय आणून ठेवलंय त्याची यादी करायला बसले तर हा लेख संपायचा नाही: जुने सोफे, बंद पडलेले मिक्सर, आता कुत्रे. सोफा भाकरी मागत नाही एवढाच फरक. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातात तीस किलोचं जनावर देऊन तो गेला. तात्यांनी पट्टा धरला आणि समोरून मांजर गेलं तर तात्याच पाखाडीवर आडवे होतील. ते त्याला मोकळा सोडतात त्यात थोडा हट्ट असेल, बराचसा नाइलाज आहे. तात्या ते कबूल करणार नाहीत, तू त्यांच्याकडून वदवूनही घेऊ नकोस.

म्हणून पहिला फोन त्या मुलाला, आणि तो तुझ्या नवऱ्याने करायचा. भावकीत वाकडं नको म्हणतात ना, मग भावानेच भावाशी सरळ बोलावं. लसीचं कार्ड फोटो काढून पाठव म्हणावं. नसेल तर या आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायची सोय कर, गाडीचे पैसे पाठव. रेबीजची लस कुत्र्याला वर्षाला एकदा लागते. शिवाय नसबंदीचं विचार. टायगर नर आहे आणि तुमच्याकडे आला तोच भाद्रपदात, म्हणजे कुत्र्यांच्या भर हंगामात. तेव्हापासून तो रात्रभर भटकतोय यात नवल नाही. नसबंदीनंतर भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. ती दवाखान्यात भूल देऊन करतात, गावठी इलाज नकोत.

तात्यांकडे तू जा. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी, नव्या तांदळाची घावणं घेऊन. पोरीला बरोबर ने आणि तिची पोटरी त्यांना दिसू दे. तू काही बोलू नकोस, ते विचारतील. मग वांदरांचा विषय तूच काढ, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. वानरांचा कळप आला की कोवळे नारळ आणि पडवळ दोन तासांत संपतात, आणि टायगर भुंकतो म्हणून तुझे माडही वाचतात, ते पत्रात लिहायचं तू विसरलीस. तेव्हा 'कुत्रा बांधा' असं म्हणू नकोस, वेळा ठरव. शाळेत जायची वेळ आणि यायची वेळ, एकेक तास टायगर बांधलेला. बाकी दिवसा आगरात मोकळा, पण गडग्याची दोन भगदाडं बुजलेली आणि बेडं लावलेलं. ढासळलेले चिरे तिथेच पडलेत, तुझ्या नवऱ्याची एका रविवारची सकाळ जाईल. गडगा दोघांचा आहे, तुम्ही अर्धा हात लावलात तर तात्यांना नाही म्हणता येणार नाही.

बांधायचं तेही नीट. आखूड साखळीला दिवसभर अडकवलेला कुत्रा जास्त चिडका होतो, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा धरलाय. दोन झाडांमधे डोक्याच्या वर जाड तार ताणायची, तिच्यात कडी, कडीला साखळी, की तो तीस-चाळीस फूट येरझारा घालू शकतो. साखळी बुंध्याला गुंडाळली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांच्या अलीकडे तारेला गाठ मारायची. झाडं आंब्या-फणसाची निवड. माडाखाली नको, वरून झावळी किंवा नारळ पडला तर टायगरचा प्रश्न भलत्याच मार्गाने सुटेल. पाण्याचं भांडं सावलीत.

रात्रीचं तात्यांना एकाच वाक्यात पटेल: बिबट्या. वाडीत बिबट्या येतो तो गुरांपेक्षा कुत्र्यांसाठी जास्त. रात्री मोकळा सोडलेला कुत्रा म्हणजे त्याला आमंत्रण, आणि मग तो उद्या गोठ्याकडेही बघणार. रात्री पडवीत घ्या म्हणावं. पुळणीचंही एक आहे. नोव्हेंबरपासून पुढे कासवं अंडी घालायला वर येतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. वेळासला 2002 पासून ही घरटी राखायचं काम सुरू झालं, आता तुमच्या गुहागरलाही होतं. कासवमित्र पहाटे उठून अंडी कुंपणात हलवतात ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या भीतीनेच. तात्यांना कासवांचं किती पडलंय मला माहीत नाही, पण पहाटे किनाऱ्यावर फिरणारी पोरं तुमच्याच वाडीतली असतील, ती येऊन बोलली तर वजन पडेल.

तोवर पोरीला दोन गोष्टी शिकव. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे, आणि तो वास घेऊन बाजूला झाला की हळूहळू मागे सरकायचं. पडलीच तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकायचे. घरी अंगणात तुम्ही दोघी खेळ म्हणून करून बघा. दगड मारायचा नाही. दगड मारणारी पोरं कुत्र्याला चेहऱ्याने लक्षात राहतात.

भाकरीतून घालू म्हणणाऱ्याला तू काय उत्तर दिलंस ते पत्रात नाही. नाही म्हणून सांग, आजच सांग, आणि तुझ्या नवऱ्यासमोर सांग. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला विष घालून मारण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायदा बाजूला ठेव. ती भाकरी टायगरच खाईल याची हमी कोण देणार? तुझी मांजर आहे, उरलेल्या कोंबड्या आहेत, वाडीतली रांगती पोरं आहेत. आणि सकाळी तात्या त्या कुत्र्याशेजारी बसलेले गडग्यावरून तुला दिसतील, ते आयुष्यभर दिसत राहतील.

कायदा तुझ्याही बाजूने आहे. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका असताना मालकाने काळजी घेतली नाही तर त्याच संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते मला तुला आत्ता वापरायला सांगायचं नाही. एक वही कर फक्त. तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. दवाखान्याचे कागद त्याच वहीत. महिनाभरात काही हललं नाही तर पोलीस पाटलांच्या कानावर घाल, मग ग्रामपंचायतीत लेखी अर्ज आणि पोच. तुमच्या गावात तंटामुक्त समिती अजून बसत असेल तर तिथेही. पोलीस ठाणं सर्वांत शेवटी. मात्र टायगर पुन्हा कोणाला चावला तर ही पायरीपायरी विसर आणि सरळ तक्रार दे, भावकी असो नसो.

राहिला कोंबड्यांचा प्रश्न. माग. दोन्ही अंड्यावरच्या होत्या म्हणतेस, तर त्याप्रमाणे माग. पण तात्यांकडे नको, ते म्हातारपणाच्या पैशातून काढून देतील आणि काकी तुझ्याशी बोलायची बंद होईल. मुलाला फोन होईल तेव्हा लसीच्या पैशांबरोबर ही रक्कमही सांगून टाका, त्याला फोनवरून पाठवता येते. आणि घावणं घेऊन जाशील त्या दिवशी तुझ्या कोंबड्या कुठे असतात तेही जरा बघून ठेव. गडग्याच्या त्याच भगदाडातून त्या रोज काकीच्या लाल माठाच्या वाफ्यात जात असणार, आणि चहा संपायच्या आत काकी तो विषय काढणारच.