तुळस घरीच राहू दे

पत्र : माझा नवरा डिझेल जनरेटरचा मेकॅनिक. अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' स्थानकावर हिवाळी चमूत त्याची निवड झालीय, वर्षभराहून जास्त काळासाठी. सासूबाईंनी स्वेटर विणलाय, लसणाची शेव आणि तुळशीचं रोप काढून ठेवलंय. तो म्हणतो, "यातलं काहीही नेणार नाही." दोघांचा अबोला आहे. मी कुणाची बाजू घेऊ?
– मधली, रामबाग, इंदूर

अगं मधले,

बाजू कुणाचीच घेऊ नकोस. तुळशीचा निकाल मात्र आजच लाव. १९९१च्या माद्रिद करारानुसार बाहेरचं रोप तिथे परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि कुंडीतली माती तर नकोच. आपल्याकडेही २०२२ साली अंटार्क्टिकासाठी कायदा झालाय. हे त्यालाच आईला सांगू दे. "सरकारचा नियम आहे" हे "मला नको" इतकं लागत नाही. बुटांच्या तळव्यातली माती, वेल्क्रोत अडकलेली कुसळंही तिथे जाता कामा नयेत. बॅगा-बूट घासून, मोजे उलटे करून बघायचं काम सासूबाईंकडे सोपव. त्यांच्या नजरेतून काही सुटेल असं मला वाटत नाही.

स्वेटर जाऊ दे. बाहेरचा जाड पोशाख गोव्याचं ध्रुवीय संशोधन केंद्र देतं, पण आत लोकरीचा थर हवाच. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि मग अंग गारठतं. शेवही जाऊ दे, वजनात बसेल तेवढी. तिथे स्वयंपाकघर आहे, उपाशी कुणी राहत नाही. पण शेवेविना पोहे इंदूरच्या माणसाला वर्षभर कसे उतरणार?

चष्मा असेल तर दुसरी जोडी हवी, आणि हवा फार कोरडी म्हणून ओठांना-हातांना लावायला क्रीम. दातांच्या डॉक्टरांकडे आत्ताच जाऊन या. ऐन हिवाळ्यात जहाज-विमान बंद, दाढ दुखते म्हणून परत येता येत नाही.

आणखी एक पाकीट कर. मैत्रीवर जून-जुलैच्या सुमारास दोनेक महिने सूर्य उगवत नाही. २१ जूनला अंटार्क्टिकातली स्थानकं मध्य-हिवाळा साजरा करतात. त्या दिवशी उघडायची चिठ्ठी सासूबाईंकडून लिहून घे. बोलत नसल्या तरी लिहितील.

आता तुझं. सगळं घर त्याच्या बॅगेत डोकावतंय, तुझी तयारी कोण करतंय? बँकेचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो ना? ते सिमकार्ड तिथे चालेल या भरवशावर राहू नकोस. खात्यात तुझं नाव आणि तुझा नंबर घालून घे. विमा, घरपट्टी, गॅस यांचे कागद एका फाईलमध्ये लाव. कुठे त्याची सही लागणार असेल तर वकिलाला विचारून मुखत्यारपत्र करून ठेव. वैद्यकीय तपासणी, मग औलीला बर्फातलं प्रशिक्षण, यात तो घरी फारसा सापडणार नाही. तेव्हा सोमवारी सकाळी आधी त्याला बँकेत ने. बॅग काय, रात्री जागूनही भरता येते.