ग्राफिक्स कार्ड तापतंय : आधी पेस्ट नव्हे, आधी क्लॉक पाहा

प्रश्न : २०१७ मध्ये जुळवलेला गेमिंग पीसी आहे, कार्ड जीटीएक्स १०६० (६ जीबी). गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत तापमान ८४ अंशांवर चिकटतं, पंखे किंचाळतात, गेम अडखळतो. दुकानदार म्हणतो, पेस्ट (चिप आणि तिच्या कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. तेवढ्याने भागेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कदाचित भागेल, पण खात्री करूनच हात घाला. या कार्डाची तापमानाची मूळ मर्यादा ८३ अंशांची असते. तिथे पोचलं की ते स्वतःच क्लॉक (चिपचा कामाचा वेग) उतरवतं. म्हणून आकडा ८३-८४ वरच थांबलेला दिसतो आणि दुखणं झाकलं जातं. गेम चालू असताना जीपीयू-झेड या कार्डाची आकडेवारी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक आणि ‘पर्फकॅप रीझन’ (वेग रोखण्याचं कारण) हे दोन रकाने पाहा. क्लॉक १८०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासून १५०६ या बेस क्लॉककडे घसरत असेल आणि कारण ‘थर्म’ (म्हणजे उष्णता) दिसत असेल, तर दोष उष्णतेचाच. नसेल तर पेस्टचे पैसे वाचवा.

आता साइड पॅनल काढून तोच गेम १५ मिनिटं खेळा. क्लॉक सावरला आणि पंखे शांत झाले, तर हवा कॅबिनेटमध्ये कोंडते आहे. टेबलाच्या लाकडी कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा; पुढे हवा आत घेणारा आणि मागे बाहेर फेकणारा असे १२० मिमीचे दोन पंखे तरी हवेत. खोलीचं तापमानही मोजा. दोन पंख्यांचं धडधाकट कार्ड पूर्ण भारावर खोलीपेक्षा साधारण ४० ते ४५ अंश वर असतं, म्हणजे मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर नवं कार्डही ८० च्या आसपास जाईल. (उपाय म्हणून डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. तुषारांबरोबर क्षारही आत बसतात.)

पॅनल उघडूनही फरक पडला नाही, तर कार्ड काढा. वीज बंद, प्लग बाहेर, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग स्लॉटची कडी दाबून कार्ड ओढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. बऱ्याचदा पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या) फटींत धुळीचा नमदाच बसलेला असतो आणि काम इथेच संपतं.

नाही संपलं तर पेस्ट. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडेथोडे सैल करा. कूलर (हीटसिंक आणि पंख्यांचा संच) हिसकू नका : पंख्याची वायर बोर्डाला जोडलेली असते, ती कनेक्टर धरून सोडवा. पेस्ट घट्ट चिकटली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून कूलर किंचित पिळा. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इथे प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, चिप उघडीच असते. त्यामुळे मधोमध ठिपका देऊन भागत नाही, सगळ्या पृष्ठावर पातळ थर पसरा. अर्धा ग्रॅम पुरतो. पेस्ट घट्टसर निवडा, कारण पातळ पेस्ट तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकते. लिक्विड मेटल मुळीच नको. ते वीजवाहक असतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. स्क्रू पुन्हा तिरकेच, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळा. एकच बाजू दाबली तर चिपचा कोपरा उडतो.

शेवटी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा. १२० वॅटचं कार्ड ९६ वर येतं. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र पाचव्या हिश्शाने घटते. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर गेमच्या फ्रेमही सेकंदाला ६० वर बांधा. आमच्या मते नागपूरच्या उन्हाळ्यात हे पेस्टइतकंच कामाचं आहे.

प्रश्न : पेस्ट आणि थर्मल पॅड (मेमरी चिप आणि कूलरमधले मऊ तुकडे) दोन्ही बदलले, तर तापमान उलट वाढलं! – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पॅड जाड झाले. मेमरीवर १ मिमीच्या जागी दीड मिमीचे लावले की कूलर त्यांच्यावरच टेकतो आणि चिपवर बसतच नाही. कूलर उघडून पेस्टचा ठसा पाहा. चिपवरचा थर दबलेला नसेल तर हेच झालंय. जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्निअरने मोजून तेवढेच घ्या. जुने फाटले नसतील तर तेच परत लावा. पॅडच्या जागी पेस्ट थापू नका. एवढी फट ती भरत नाही.