ताई ची: वळायचं खुब्यातून, गुडघ्यातून नाही

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय ५९. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ऑनलाइन ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकायला लागले. २४ प्रकारांची मालिका पाठ झाली आहे, हात छान फिरतात असं घरचे म्हणतात. पण सराव झाला की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणकतं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून वयाप्रमाणे थोडी झीज आहे, व्यायाम चालू ठेवा असं सांगितलं. ‘गुडघा बोटांच्या पुढे नेऊ नका’ हे सरांचं सांगणं मी कटाक्षानं पाळते. मग दुखतं का? की हा प्रकार स्क्रीनवर शिकण्यासारखाच नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर: स्क्रीनवर शिकता येतो, ताई. पण स्क्रीनवर आपली नजर हातांवर खिळते आणि ताई चीचं खरं काम चालतं ते कमरेच्या खाली. तुमचा गुडघा मी पाहिलेला नाही, तरी तुम्ही लिहिलेलं दुखणं माझ्या फार ओळखीचं आहे. गुडघा पुढे किती जातो हे तुम्ही सांभाळता. तो आतल्या बाजूला पडतो का, आणि वजन असताना पिळला जातो का, हे आता बघायचं.

गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं काम, गोल फिरण्याची मुभा त्याला अगदी थोडी. खुबा मात्र उखळीचा सांधा, तो सगळीकडे फिरतो. ताई चीत धड सतत डावी-उजवीकडे वळत असतं. खुबा मोकळा असेल तर ते वळणं तिथे होतं. खुबा आखडलेला असेल तरी धड वळतंच, आणि पाऊल जमिनीला रोवलेलं असल्यामुळे सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर येतो. चिनी शिक्षक ‘क्वा मोकळा करा’ असं घोकत असतात, ते यासाठीच. क्वा म्हणजे मांडी आणि पोट जिथे मिळतात ती जांघेची घडी आणि तिच्या आतला खुब्याचा भाग.

‘गुडघ्यावरून हात झाडत पुढे जाणं’ हा तुमच्या मालिकेतला प्रकार घ्या. उजवा पाय पुढे आहे, वजन त्याच्यावर आहे आणि आता डावा पाय पुढे टाकायचा आहे. त्यासाठी आधी उजवं पाऊल थोडं बाहेर उघडावं लागतं. व्हिडिओच्या वेगाशी जुळवून घेताना काय होतं, तर वजन तसंच उजव्या पायावर ठेवून धड वळवलं जातं. पाऊल फरफटत मागाहून येतं, किंवा येतच नाही. दिवसभरात हे असंख्य वेळा झालं की आतली बाजू तक्रार करणारच.

त्याऐवजी वजन आधी मागच्या, म्हणजे डाव्या पायावर आणा. उजवा चवडा हलका होऊ द्या. मग उजवा पाय खुब्यापासून अख्खा बाहेर उघडा, गुडघा आणि पाऊल दोन्ही एकदम एकाच दिशेला. चवडा टेकवा आणि त्यानंतरच वजन पुढे घ्या. ताई चीचे चिनी गुरू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेल्या दहा मुद्द्यांत ‘भरलेलं आणि रिकामं वेगळं ओळखा’ असा एक मुद्दा आहे. वजनाचा पाय भरलेला, दुसरा रिकामा. पायांपुरता अर्थ घेतला तर वळवायचा तो रिकामा पाय. वर्षभर एवढंच नीट केलंत तरी मला ते २४ प्रकार पाठ असण्यापेक्षा मोलाचं वाटतं. ती मालिका १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं बनवली, लोकांना पटकन शिकता यावी म्हणून. पण पटकन पाठ होणं वेगळं आणि अंगात उतरणं वेगळं.

खुबा ओळखायला खुर्ची घ्या. कडेला बसा, पावलं सपाट, दोन पावलांत खांद्याएवढं अंतर. दोन्ही हातांची बोटं जांघेच्या घड्यांत रुतवा. आता धड हळूच उजवीकडे वळवा. गुडघे जागचे हलू द्यायचे नाहीत. उजव्या घडीत बोटं किंचित चिमटल्यासारखी होतील आणि डावी घडी उघडेल. वळणं फार थोडं होतं, तेवढंच पुरे. त्यापलीकडे गेलात की गुडघे हलायला लागतात किंवा नुसते खांदे फिरतात. बसून जमलं की उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून करा. चालीत ते शेवटी आणा.

दुसरी गोष्ट पावलांमधल्या रुंदीची. पुष्कळ जणींचं पुढचं पाऊल मागच्या पावलाच्या थेट रेषेत पडतं. मग ओटीपोट सरळ समोर येऊच शकत नाही, तोल जातो आणि पुढचा गुडघा आत कलतो. घरात फरशी असेल तर तिची सरळ सांध निवडा. डावं पाऊल सांधेच्या डावीकडे, उजवं उजवीकडे, मध्ये साधारण खांद्याएवढी जागा ठेवून चाला. टाच आधी, वजन न देता टेकवायची, मग सावकाश भरायचं. टाच टेकवल्यावर पाय परत उचलता आला, तर पाऊल बरोबर पडलं. नाही आला तर तुम्ही पावलावर पडलात, आणि पाऊल लांब पडतंय. ते आखूड करा, बैठकही उंच ठेवा, म्हणजे गुडघे कमी वाकवा. खाली बसण्यात काही पराक्रम नाही.

आता कॅमेरा. मोबाइल टेबलावर ठेवला की कमरेवरचा भाग दिसतो आणि नेमके गुडघे कापले जातात. तो खुर्चीवर, गुडघ्याच्या उंचीला ठेवा आणि मागे सरका. समोरून एक चित्रफीत घ्या, गुडघा दुसऱ्या बोटाच्या दिशेत राहतो का ते पाहायला. बाजूनं एक घ्या, पाठ पुढे झुकते का, माकडहाड मागे निघतं का ते पाहायला. सैल सलवार किंवा साडी नको, पायाला बसणारी लेगिंग घाला, नाहीतर सरांना काही दिसणारच नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून सराव अजिबात नको. सर आरशासारखे डावं-उजवं उलटं करून दाखवतात का, हे त्यांना स्पष्ट विचारा. शक्य असेल तर पाठमोरं दाखवायला सांगा.

काही आठवडे मालिका बाजूला ठेवून एवढंच करा. झीज असलेल्या गुडघ्याला ताई ची वर्ज्य नाही, उलट २०१६ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात २०४ रुग्णांवर १२ आठवड्यांनंतर ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा दुखण्यावरचा परिणाम साधारण सारखाच दिसला. पण गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: माझ्या ७३ वर्षांच्या वडिलांना पार्किन्सन आहे. ते एकटेच घरी असतात. त्यांना व्हिडिओ लावून दिला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एकट्याला नको. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम पार्किन्सन असलेल्या १९५ जणांनी २४ आठवडे व्यायाम केला. ताई चीच्या गटाचा तोल बाकी दोन गटांपेक्षा, म्हणजे ताकदीचे व्यायाम करणाऱ्या आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या गटांपेक्षा, जास्त सुधारला, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ते कमी वेळा तोल जाऊन पडले. पण ते समोर शिक्षक असलेल्या वर्गांत, आठवड्यातून दोनदा, तासभर. वडिलांच्या न्यूरॉलॉजिस्टना आधी विचारा. गोळीचा असर चांगला असतो ती वेळ निवडा. कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहावं, समोर जड, न सरकणारी खुर्ची असावी. सुरुवातीला पाऊल टाकूच नये, दोन पायांवर उभं राहून वजन सावकाश एकीकडून दुसरीकडे न्यावं. तेवढं तुम्ही त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी घरी आल्यावर करू शकता, आणि त्यासाठी व्हिडिओची गरज नाही.