सरकारचा पैसा आणि आपला एकरी उतारा

प्रश्न (हिंगोली जिल्ह्यातून): साहेब, खताला सबसिडी आहे, पीएम किसानचे वर्षाला ६००० येतात, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वेगळे. मग सोयाबीन एकरी सहा-सात क्विंटलच्या पुढं का सरकत नाही?

उत्तर: दादा, प्रश्न मुद्द्याचा आहे. खात्यात आलेले हप्त्याचे २००० पेरणीच्या टायमाला कामी येतात, नाही असं नाही, पण त्यानं रान सुधारत नाही की बियाणं बदलत नाही. आणि सबसिडीचं म्हणाल तर युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयाला अन् डीएपीची ५० किलोची १३५० ला, म्हणजे स्वस्त युरियाच रानात जास्त पडणार. सोयाबीनला उभ्या पिकात युरिया टाकायची खरं तर गरजच नसते, फुलोऱ्याच्या आधी एक झाड हळूच उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडून बघा, आतून लालसर दिसली तर ती हवेतला नत्र, म्हणजे युरियातून मिळतो तोच, पिकाला देतेय. वरून युरिया मारला की नुसता पाला माजतो आणि अळी वाढते.

आता कुठला खर्च उतारा वाढवतो? सुखदेव थोरात, शेंगेन फॅन आणि पीटर हेझेल या अर्थतज्ज्ञांनी १९७० ते १९९३ ची राज्याराज्यांची आकडेवारी तपासली होती, त्यात उत्पादकता वाढवण्यात शेती संशोधनावरचा पैसा सगळ्यात पुढं निघाला, आणि गरिबी कमी करण्यात रस्ते. मला हे रोज दिसतं. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीचा बीडीएन ७११ वाण दिला, लवकर येतो, मर रोगाला दाद देत नाही, पाऊस लवकर उघडला तरी पदरात काहीतरी पडतं. खर्च एकदाच झाला, बियाणं मात्र गावोगाव फिरतंय. असं संशोधन फळाला यायला वर्षं जातात म्हणून त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, आणि मला याचंच फार वाईट वाटतं.

तुम्ही यंदा काय करायचं तर सोयाबीनचा फुले संगम किंवा परभणीचा एमएयूएस ६१२ घ्या, पण सरळ वाण (म्हणजे संकरित नाही) असल्यानं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, घरचं ठेवा आणि तीन वर्षांनी बदला. पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा, सात-आठ दिवसांनी मोजा, ७० च्या वर उगवले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पेरूच नका. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळावर त्या गाठी आणणारं जिवाणू खत, लावायला विसरू नका. माती परीक्षण झालं नसेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे कृषी सहाय्यक) नमुना द्या.

ठिबक किंवा तुषारसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि राज्याचं पूरक धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. आणि रानात जायला पावसाळ्यात चिखल होत असेल, मळणीयंत्र पोचत नसेल, तर येत्या ग्रामसभेत पाणंद रस्त्याचा ठराव घ्या, सगळ्या बांधकऱ्यांना सोबत घेऊनच, कारण एकानं जरी अडवलं तरी काम तिथंच थांबतं.