आईच्या स्तनात न दुखणारी गाठ आहे, चवथीनंतर दाखवली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आई ५७ वर्षांची आहे, पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली, उजव्या स्तनात गाठ हाताला लागते, दुखत मात्र नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाच आठवडे आहेत आणि ती म्हणते, चवथ होऊ दे, मग बघू. घरातल्या बाकीच्यांनी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, असंही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. गोव्यात साखळीला राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. सात वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. तेव्हा मी ४६ वर्षांची होते.

थांबू नका. या आठवड्यातच दाखवा.

मलाही गाठ चवथीच्या दोन दिवस आधी लागली होती, अंघोळ करताना साबणाचा हात फिरवला तेव्हा. चिंचोक्याएवढी, कडक, बोटाखाली न सरकणारी. बाहेर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान येऊन पडलं होतं, पाहुणे यायचे होते. मीही म्हटलं, चवथ होऊ दे. मग नवरात्र आली, देवळातली सेवा आली. मग दिवाळी, तुळशीचं लग्न, जत्रा. मधे एका दवाखान्यात दाखवलं, तर तिथले डॉक्टर हात न लावताच म्हणाले, "दुखत नाही ना? मग चरबीची असेल." मला तेच ऐकायचं होतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, पोचले तेव्हा जानेवारी उजाडला होता आणि चिंचोक्याची सुपारी झाली होती.

पाच आठवड्यांनी सगळं हाताबाहेर जातं असं नाही, उगाच घाबरवत नाही मी. पण एक सण दुसऱ्या सणाला हात देतो, आणि तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला तर त्याचा परिणाम जगण्यावर होतो. शिवाय तपासण्यांनाच दोन-तीन आठवडे लागतात. आज सुरुवात केलीत तर चवथीच्या आधी रिपोर्ट हातात असेल. तो चांगला आला तर आई मोकळ्या मनाने नेवऱ्या तळेल.

आणि चांगला येऊ शकतो. स्तनातल्या कितीतरी गाठी साध्या असतात, तरुण मुलींमध्ये तर बहुतेक. पण पाळी गेल्यानंतर नव्याने आलेली गाठ तपासल्याशिवाय सोडायची नसते. दुखत नाही म्हणून बरं, ही समजूत आपल्या बायकांचा घात करते. सुरुवातीला हा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, काखेत गाठ लागणं, यातलं काही दिसलं तर एक दिवसही घालवू नका.

डॉक्टर आधी हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, आणि शंका आली तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचे बारीक तुकडे काढून तपासणं. बायोप्सीला माझ्या सासूबाईंचा कडाडून विरोध होता, "सुई लावली की पसरतो" म्हणून. तुमच्या घरीही कोणीतरी म्हणेल. तसं होत नाही. मला जागा बधिर करून दिली, मग स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज चार-पाच वेळा झाला. शेवयांच्या तुकड्यांसारखे बारीक पांढरट तुकडे बाटलीतल्या औषधात पडताना मी बघितले. सगळं उपचाराचं गणित त्या तुकड्यांवर ठरलं. कॅन्सर आहे की नाही एवढंच त्यातून कळत नाही. तो हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू नावाचं प्रथिन त्यात जास्त आहे का, हेही कळतं. हार्मोनवाल्याला पाच-दहा वर्षं रोजची गोळी असते, हर-टूवाल्याला वेगळं इंजेक्शन, आणि दोन्ही नसतील तर मुख्य भार केमोवर. म्हणून कोणी "आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू" म्हणालं तर मान डोलावू नका. अशी घाईने काढलेली गाठ कॅन्सरची निघाली तर बहुतेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ते तुकडे ज्यात जपलेले असतात ते मेणाचे ब्लॉकही सांभाळून ठेवा. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये मत घ्यायचं ठरलं तर तिथे ते मागतात.

माझ्या बाबतीत केमो आधी दिली, गाठ आकसावी म्हणून. त्यामुळे पूर्ण स्तन काढावा लागला नाही. गाठ काढून वर रेडिएशन घेतलं तर आयुष्य पूर्ण स्तन काढल्याइतकंच मिळतं, फक्त गाठ त्या मापाची हवी. पहिल्या लाल औषधाने लघवी लाल झाली तेव्हा मी रक्त समजून रडले होते. कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. केस पंधरा-वीस दिवसांत गेले. त्याहून जिवावर आला तो वास. आमच्याकडे हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या कालवणाशिवाय, जेवण होत नाही, आणि मला बांगडा शिजायला लागला की उलटी यायची. चार महिने घरात मासे शिजले नाहीत. नवऱ्याने एकदाही कुरकुर केली नाही. केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, एवढं पाठ करून ठेवा. रेडिएशन तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज काही मिनिटं, दुखत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. मी आजही डाव्या हाताला रक्त काढू देत नाही.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आजच काढून बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा.

आता घरातल्या इतरांचं. आपल्याकडे सरकारी तपासणी तीन कॅन्सरसाठी आहे: तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख. वय ३० ते ६५.

वडील सुपारी किंवा तंबाखू खात असतील तर त्यांना आरशासमोर टॉर्च घेऊन उभं करा. गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही असेल तर दाखवा. गोव्याने २००५ सालीच गुटखा बंद केला, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. पानसुपारी म्हणजे आपल्याकडे पाहुणचार. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

गर्भाशयमुखाची तपासणी तर अगदी साधी आहे, व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून एक मिनिट बघायचं, बिघडलेला भाग पांढरा पडतो. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून दीड लाख स्त्रियांमध्ये हे करून बघितलं, आणि तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं किंवा संबंधानंतर रक्त जाणं, याची लाज धरून कोणी गप्प बसू नये. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीचं डॉक्टरांना विचारा.

आईला बांबोळीला नेताना सकाळी लवकर निघा. पुढून उघडणारा, सैल ब्लाऊज घालायला सांगा. जुने कागद आणि कार्ड एकाच पिशवीत ठेवा. ती रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना सांगा. आणि आत जाताना कोणीतरी बाई बरोबर असू दे, तुमची मावशी किंवा वहिनी. मी एकटी गेले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं मला घरी आल्यावर आठवतच नव्हतं.