वर्ष झालं म्हणून दुधाचं पाणी होत नाही

"मुलगी १३ महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, वर्षानंतर दुधात सत्त्व उरत नाही, नुसतं पाणी. म्हणूनच ती जेवत नाही. परवा त्यांनी कोरफडीचं पान कापून माझ्यापुढे ठेवलं, 'छातीला लाव आणि दूध तोड.' मी नोकरी करते. काय करू?"
– गोंधळलेली आई, सातारा

अगं, आपल्याला म्हशीच्या दुधाची सवय. साय धरली नाही की ते दूधच वाटत नाही! आईचं दूध पातळ, जरा निळसर दिसतं, ते पहिल्यापासूनच. दुसऱ्या वर्षातही बाळाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा त्यातून मिळू शकते, शिवाय आजाराशी लढायची ताकद. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि वाटल्यास त्यापुढेही पाजा म्हणते.

पण जेवणाबद्दल सासूबाई बोलतात ते मी उडवून लावणार नाही. रात्रभर पिणारी पोर सकाळी घास थुंकते, हे मीही घरात पाहिलंय. आणि सहा महिन्यांनंतर लोह अंगावरच्या दुधातून पुरत नाही, ते ताटातूनच यायला हवं. म्हणून आधी जेवण, मग दूध. मऊ वरणभात, वर तूप आणि लिंबू. पालक घातलेली मुगाची खिचडी. घरात चालत असेल तर अंडं. सांडू दे, माखू दे. वजनाची नोंद बाळाच्या वाढीच्या कार्डावर करून घे. वजनाची रेघ वर न चढता आडवी पडली तर डॉक्टरांना दाखव. आणि एक सांगते, अंगावरचं तोडलं की बहुतेक घरांत हातात बाटली येते. गाईच्या दुधाने पोट भरलेलं मूल तर त्याहून कमी जेवतं.

नोकरीचं म्हणशील, तर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही हवी. ऑफिसात आपणहून कोणी सांगत नाही, विचार. नाहीच जमलं तर या वयात सकाळ, संध्याकाळ आणि रात्र एवढंही चालतं.

तूच थकली असशील, तर गोष्ट वेगळी. मग खुशाल थांब, कोणाला उत्तर द्यायला नको. फक्त एकदम तोडू नकोस. छाती दगडासारखी होते, ताप भरतो. एक वेळ कमी कर, चार-पाच दिवस जाऊ देत, मग दुसरी. झोपतानाची सगळ्यात शेवटी.

कोरफड कुंडीतच राहू दे. सासूबाईंना मात्र नातीला भरवायचं काम दे. आजीच्या हातचं ती दोन घास जास्तच खाईल.